वायव्येचा खांब

४ सप्टेंबर १९५४

बोट दुपारी ग्रीतदालच्या धक्क्याला लागली. ऊन होतं. सामान थोडंच: एक पेटी, मोजपट्ट्या, कागदाची गुंडाळी. धक्क्यावर हालवारकाका घोडागाडी घेऊन उभे होते. ते माझ्या नवऱ्याचे, आयविंडचे, सख्खे काका आणि इथल्या जुन्या लाकडी चर्चचे राखणदार. लग्नानंतर मी इथे कधीच आले नव्हते. आयविंड दर उन्हाळ्यात एकटा यायचा, चर्चला डांबर लावायला. दोन वर्षांपूर्वी तसाच आला आणि छपरावरून पडून गेला. शवपेटी बोटीने बेर्गनला माझ्याकडे आली, फटी डांबराने बुजवलेली. उघडू नका, चेहरा बघण्यासारखा राहिलेला नाही, असा काकांचा निरोप होता. मी उघडली नाही. तशीच पुरली.

मी कचेरीत जुन्या इमारतींचे नकाशे काढते. चर्चच्या वायव्य कोपऱ्यातला खांब खालून कुजला आहे. तो बदलण्याआधी आतली-बाहेरची मापं हवीत, म्हणून काकांनी माझंच नाव घेऊन मला मागून घेतलं. आयविंडच्या गावाला माझी आठवण आहे, याचं बरं वाटलं.

घरी ओसलाउगकाकूंनी वॅफल आणि आंबट साय पुढे ठेवली. काका माझ्या मोजपट्ट्यांकडे बघून म्हणाले, एवढी मापं घेऊन चर्चला विजार शिवणार आहेस की काय. काकू म्हणाल्या, तुमचीच आधी शिवून घ्या, ढुंगणावर फाटली आहे. मी हसले. मग काकांनी सहज विचारलं, आयविंडला पुरताना रडलीस का. मी नाही म्हटलं. नंतर? नंतरही नाही. मला येत नाही रडू, लहानपणापासून. बहिणी मला दगड म्हणतात. काकांनी माझ्या हातावर थोपटलं आणि काकूंना म्हणाले, बघ, पोरगा खोटं बोलत नव्हता. काकू उठून चुलीकडे गेल्या.

मला माडीवरची आयविंडची खोली दिली आहे. त्याने साखरपुड्याला दिलेली लाकडी डबी खिडकीत ठेवली. झाकणावर त्याने कोरलेली खूण आहे, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये टिंब. इकडे प्रत्येक शेतघराची अशी एक खूण असते. ही तुझी, फक्त आपल्या दोघांना ठाऊक, असं तो म्हणाला होता.

जेवणाआधी त्याच्याच चाकूने पेन्सिलींना टोकं काढली. बोट कापलं, रक्त कागदावर सांडलं. काकूंनी चिंधी बांधली. तरी आज मी आनंदात आहे. हा शब्द पुष्कळ दिवसांनी लिहिला.

९ सप्टेंबर

काम सुरू झालं. चर्च लहान आहे, पण फार नीट बांधलेलं. याच्याही आधी इथे एक होतं. त्याचे खांब थेट जमिनीत गाडले होते, ते कुजले. हे बांधणारे शहाणे झाले होते. त्यांनी दगडांवर आडव्या तुळयांची चौकट ठेवली आणि त्या तुळयांवर खांब उभे केले, म्हणजे लाकडाला मातीचा स्पर्शच नाही. खिळा जवळजवळ कुठेही नाही, सगळं खाचांत बसवलेलं. बाहेरून डांबराने काळंभोर, छपरावर माशाच्या खवल्यांसारखी लाकडी कौलं. आठशे वर्षं उभं आहे.

लाकूड इतकं कसं टिकलं ते काकांनी शिडी धरून सांगितलं. पाइनचं झाड निवडायचं, पण तोडायचं नाही. वर चढून त्याचा शेंडा छाटायचा, फांद्या उतरवायच्या आणि मुळांवर तसंच उभं ठेवायचं. जखम भरायला झाड खालून चीक वर पाठवत राहतं. वर शेंडाच नाही. मग तो चीक खोडातच साकळतो आणि त्याची राळ होते. काही वर्षांनी झाड उभ्या उभ्या मरतं आणि आतून काचेसारखं घट्ट होतं. असल्या लाकडाला कीड लागत नाही, पाणी शिवत नाही. मी म्हटलं, क्रूर आहे. काका म्हणाले, झाडाला काय कळतंय पोरी, त्याला वाटतं शेंडा आहेच वर कुठेतरी.

प्रत्येक खांबाच्या माथ्यावर माणसाचा चेहरा आहे. असे चेहरे दुसऱ्या चर्चमध्येही पाहिलेत, जीभ काढलेले, डोळे वटारलेले. इथले तसे नाहीत. तोंडं मिटलेली आहेत. बहुतेक बायका, काही पुरुष. शिडीवर चढून एकीचं चित्र काढलं. छिन्नीची खूण कुठे सापडली नाही. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात राळेचा थेंब होता. मी हात लावला तर बोटाला चिकटला. इतक्या जुन्या लाकडातून राळ कशी येईल?

वायव्येचा चेहरा मात्र ओघळून सपाट झाला आहे. हा एकच का कुजला, असं विचारल्यावर काका म्हणाले, ही रडली.

खोकला झाला आहे. काकूंनी डांबराचं पाणी दिलं, इथलं जुनं औषध. रोज सकाळी एक पेला प्यायचा, असं काकांनी सांगितलं. कडू आहे, पण घशाला बरं वाटतं.

१७ सप्टेंबर

दिवसभर पाऊस, घरीच नकाशे पक्के केले. काकांची पाठ वळताच काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि टोपलीभर कांदे समोर ओतले. दोघी सोलायला बसलो. एवढे कशाला, असं मी विचारलं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या कांद्याकडे न बघता माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. माझे डोळे नुसते चुरचुरले. त्यांनी एक कांदा चिरून अगदी माझ्या नाकाशी धरला. एवढ्यात काका आले. सारा गाव जेवायला बोलावलाय का गं, एवढंच म्हणाले आणि टोपली उचलून डुकरांपुढे ओतून आले. मग काकूंनी मला त्या दिवसाचा दुसरा पेला दिला.

२६ सप्टेंबर

रविवार. खालच्या गावाहून पाद्री आले होते, प्रार्थना झाली. बाहेर पडताना लोक एकेक करून माझ्याजवळ आले. मला वाटलं आयविंडबद्दल दोन शब्द बोलतील. त्याचं नाव कुणीच काढलं नाही. माझ्या पाठीवरून, दंडावरून हात फिरवत होते. शांतपणे, प्रेमानेच. एका म्हाताऱ्याने बोटाच्या पेराने माझ्या खांद्याच्या हाडावर टकटक केलं, कान जवळ आणला आणि म्हणाला, अजून जराशी ओली आहे. सगळे हसले. पाद्री तोवर घोडागाडीत बसले होते.

काकांनी मला वायव्य कोपऱ्यात उभं केलं आणि दोरीने माझी उंची घेतली. म्हणाले, तू सगळ्यांची मापं घेतेस, तुझं नको का कुणी घ्यायला.

गुडघे आखडले आहेत. शिडीवर चढताना कष्ट पडतात. थंडी असावी.

५ ऑक्टोबर

काका नव्या खांबाचं झाड दाखवायला घेऊन गेले. चर्चमागच्या चढावर ते एकटंच उभं आहे. साल गळून गेलेली, रंग चांदीसारखा, शेंडा नाही. काकांनी टिचकी मारली तर भांड्यासारखा आवाज आला. त्यांना फार अभिमान वाटत होता. शेंडा दोन वर्षांपूर्वी छाटला, म्हणाले. एवढ्या लवकर वाळलं? वाळणाऱ्यावर असतं ते.

ते कुऱ्हाड बघायला वाकले होते तेव्हा मी खोडाच्या पलीकडून गेले. छातीच्या उंचीवर खूण कोरली आहे. दोन तिरप्या रेघा, मध्ये टिंब. खाली वर्ष: ४७.

कोरल्यानंतर काठाने लाकूड वाढून ओठासारखं जाड झालं आहे. म्हणजे झाड जिवंत असताना कोरलेली. सत्तेचाळीसच्या जूनमध्ये आयविंड मला पहिल्यांदा भेटला. संत योहानाच्या सणाला पेटवतात त्या होळीपाशी. त्या उन्हाळ्यात आमची ओळख जेमतेम होती. त्याने डबी दिली पुढच्या वर्षी.

घरी येऊन डबी पाहिली. कोरणारा हात तोच आहे.

७ ऑक्टोबर

जेवताना त्या खुणेबद्दल विचारलं. काका म्हणाले, प्रेमात पडलेली पोरं झाडांवर काहीबाही कोरतात, त्यात काय एवढं. मी विचारलं, छाटलेल्या शेंड्याचं काय केलंत. काकांनी भाकरीवर चीज ठेवलं, नीट कापून. काकूंच्या हातून कप पडला.

तो पुरायचा असतो, काका म्हणाले. लांब कुठेतरी. म्हणजे झाड त्याची आशा सोडतं.

१२ ऑक्टोबर

झाड पाडलं. सगळा गाव होता. ते पडताना मला बरगडीत कळ आली, पण ते मनाचे खेळ असावेत. संध्याकाळी चौघा पुरुषांनी ओंडका चर्चमध्ये नेला.

आज पेन्सिलीला टोक काढताना परत बोट कापलं. दुखलं नाही. रक्त आलं नाही. जरा वेळाने एक पिवळा थेंब आला आणि तिथेच घट्ट झाला.

डांबराचं पाणी फेकून दिलं. काकूंनी पाहिलं.

१४ ऑक्टोबर

काका कोपऱ्यात नवा खांब बसवायला गेले होते. काकूंनी दार लावलं. माझे दोन्ही खांदे धरले आणि एका दमात बोलल्या. जसं बोलल्या तसं लिहिते.

"एक झाड, एक माणूस, असं इथे असतं. गावातलं माणूस द्यायला आता कुणी तयार नाही, म्हणून बाहेरून सून आणली. न रडणारी. आयविंडनेच तुला शोधलं. तू पुरलंस ते झाडाचं डोकं होतं गं. तो मेलेला नाही. डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यावर आहे, दोन वर्षं. रड. मला शिव्या दे, मार, पण रड. अश्रू आला की लाकूड वाया जातं, मग ते तुला सोडतील."

मी उभी होते. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला थोबाडीत मारली. मग स्वतःच रडायला लागल्या.

१५ ऑक्टोबर

वर गेले. सकाळी निघाले, दुपार झाली, गुडघे वाकत नाहीत.

गोठ्याच्या छपरातून धूर येत होता. तो अंगणात लाकडं फोडत होता. दाढी वाढली आहे. माझ्या हातचा राखाडी स्वेटर अंगात. शवपेटीत त्याला तोच घालावा म्हणून, पेटी इथून निघण्याआधी, मी पाठवला होता.

त्याने मला पाहिलं. कुऱ्हाड खाली ठेवली. जवळ आला नाही. मी नाव घेतलं. तो जमिनीकडे बघत होता. रागावलेला दिसत होता, माझ्यावर.

म्हणाला, "मी रोज वाट पाहिली. तू एकदा रडलीस असं कळलं असतं, तर मी आलो असतो."

मग आत गेला. कडी लावल्याचा आवाज आला.

दोन वर्षं मी त्याच्या कबरीवर रविवारी फुलं नेली. बर्फ झाडला. एका शेंड्यावरचा.

१६ ऑक्टोबर

आता तरी रडू येईल असं वाटलं. त्याचा स्वेटर आठवला. कडीचा आवाज आठवला. चुलीवर हात धरला. छातीत भरून येतं, गळ्यापर्यंत येतं, आणि तिथे घट्ट होतं.

आरशात डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला. काकूंना हाक मारली, आले म्हटलं, आले अश्रू. त्यांनी बोटावर घेतला. वास घेतला. तोंड फिरवलं.

राळ.

२१ ऑक्टोबर

बोटीचा दिवस. पेटी भरली. डबी घेतली नाही. काकांनी अडवलं नाही, उलट पेटी धक्क्यापर्यंत आणून दिली. थंडी आहे, मफलर नीट घे म्हणाले.

बोट लागली. फळी टाकली. पाय उचलेना. जोर लावला, दोन्ही हातांनी मांडी ओढली. खलाशी म्हणाला, चला बाई, माझी कॉफी निवतेय. मी म्हटलं, हात द्या. तो उतरला, माझा दंड धरला, मग सोडला आणि आपला तळवा बघत राहिला. चिकटला होता. काकांनी त्याला सांगितलं, बाईंचं ठरत नाहीये, पुढच्या खेपेला येतील.

बोट गेली. पुरुष आले. एकाने खांद्यांना धरलं, दोघांनी पायांना. चर्चच्या दाराच्या चौकटीला आपटू नये म्हणून फार जपून नेलं. बाकी सगळ्यांच्या टोप्या हातात होत्या.

२४ ऑक्टोबर

रविवार. या खेपेला पाद्री आले नाहीत. मी आता चर्चमध्येच. कोपऱ्यात, खांबाला टेकून. बसता येत नाही. वही भिंतीला लावून लिहिते. दाराला कुलूप नाही — लागतही नाही.

तो म्हातारा आला. टकटक केलं. कान लावला. हसला नाही. बाकीच्यांना मान हलवून सांगितलं.

बाकांमध्ये मागे आयविंड होता. दाढी काढून आला होता. पूर्ण वेळ बसला. एकदाही माझ्याकडे —

त्याच्या शेजारी बसलेल्या एका परक्या मुलीने त्याला प्रार्थनेचं पुस्तक उघडून दिलं. तो तिच्याशी हळू काहीतरी बोलला. ती रडत नव्हती. तिच्या मांडीवर एक लाकडी डबी होती, नवी.

तिला सांगायला हवं. ओरडले. ओठ उघडले नाहीत. पोरी, त्याच्यासमोर रड, आत्ताच —

२६ ऑक्टोबर

खांबाचा माथा कोरा होता. मी स्वतः पाहिला होता, मापं घेतली होती. आज कपाळ दिसतं. नाक. छिन्नी घेऊन कुणी आलं नाही.

तोंड मिटलेलं.

काकू आल्या. माझे केस विंचरले. एक कांदा आणला होता. चिरला. ठेवून गेल्या.

काही झालं नाही

२७

बाकीच्या — वर — त्यांच्याही डोळ्यांत थेंब आहेत. सगळ्यांच्या. एकीचाही ओघळला नाही. कोपऱ्यातली एकच सुटली. ती कशी रडली — कोणी तिच्यासाठी —

माझ्यासाठी कोण

२८

उजेड आहे. कुणी नाही. पेन्सिल बोथट झाली. त्याचा चाकू खिशात आहे, कुणी काढून घेतला नाही. नकाशात या कोपऱ्यातलं शेवटचं माप लिहायचं राहिलं, तेवढं नीट लिहावं. टोक काढते.

ढलपी लांब निघाली. गोल. पिवळी.

पेन्सिलीची नाही.

दुखत नाही. पेन्सिल पुन्हा धरते, या वेळी बोट बाजूला ठेवून, हळूच, धार बाहेरच्या अंगाला धर